एअरबॅग प्रणालीतील विद्युत दोषनिदान

एअरबॅग प्रणालीतील विद्युत दोषनिदान म्हणजे मोटारीतील एअरबॅग, सीटबेल्टचे ताणक, धडकेचे संवेदक आणि त्यांचा नियंत्रक यांना जोडणाऱ्या विद्युत परिपथांतील बिघाड शोधण्याची कार्यपद्धती होय. डॅशबोर्डवरील एअरबॅगचा इशारा दिवा मोटार सुरू झाल्यावरही विझत नसेल, तर प्रणालीत बिघाड आहे असे समजले जाते. इंजिनातील किंवा ब्रेकमधील दोष चालकाला लवकर जाणवतो. एअरबॅगमधील दोष मात्र अपघाताच्या क्षणापर्यंत जाणवत नाही. दिवा पेटलेला असताना मोटार नेहमीसारखीच चालते, परंतु अशा वेळी एखादी एअरबॅग किंवा संपूर्ण प्रणाली निष्क्रिय झालेली असू शकते. असे पुष्कळसे दोष प्रत्यक्ष एअरबॅगमध्ये नसून तिला जोडणाऱ्या तारांत व कनेक्टरांत असतात. त्यामुळे सुटा भाग बदलण्याआधी दोष परिपथाच्या कोणत्या टप्प्यात आहे हे निश्चित करणे, हा या निदानाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. चालकाशेजारील प्रवाशासाठीची एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली, तर आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांसाठीची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२१ करण्यात आली. या नियमांशी निगडित एआयएस-१४५ हे मानक पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केले आहे. तत्पूर्वी स्वस्त मोटारींच्या प्राथमिक आवृत्त्यांत एअरबॅग नसे. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी अशी सक्ती करणार नसल्याचे सांगितले. तरीही अनेक उत्पादकांनी बाजूच्या व पडद्यासारख्या एअरबॅग देण्यास सुरुवात केली. एअरबॅगची संख्या वाढली की परिपथ वाढतात आणि परिपथ वाढले की सैल होऊ शकणाऱ्या जोडण्याही वाढतात.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि तेवढ्या काळात तिला योग्यता तपासणीसाठी परिवहन कार्यालयात न्यावे लागत नाही. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी होणारी तपासणी केवळ धुरापुरती असते. परिणामी, एअरबॅगचा दिवा पेटलेली खासगी मोटार वर्षानुवर्षे कोणत्याही शासकीय तपासणीत न अडकता रस्त्यावर राहू शकते. दिव्याची दखल घेणे सर्वस्वी मालकावर आणि मोटार ज्या गॅरेजमध्ये जाते तेथील कारागिरावर अवलंबून असते.

रचना

प्रणालीचा केंद्रबिंदू म्हणजे तिचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. तो बहुधा दोन पुढील सीटांच्या मधोमध, गिअरच्या दांड्यापुढे किंवा मागे, थेट मोटारीच्या तळपत्र्याला बोल्टने घट्ट बसवलेला असतो. त्याच्या आत त्वरणमापक असतात. शिवाय पुढच्या बाजूला आणि काही मोटारींत दारांलगतच्या खांबांत वेगळे संवेदक बसवलेले असतात. वेग अचानक कमी होण्याचे प्रमाण धडकेच्या मर्यादेत आले, की नियंत्रक ठरावीक परिपथांत विद्युतधारा सोडतो. निर्णयापासून पिशवी पूर्ण फुगेपर्यंतचा काळ काही दशक मिलीसेकंदांचा असतो. पापणी लवण्यास त्याहून अधिक वेळ लागतो.

विद्युतधारा ज्या भागापर्यंत पोहोचते त्याला प्रज्वलक म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यात तो ‘स्क्विब’ या नावाने येतो. त्यातील बारीक तार तापून दाहक मिश्रण पेटते आणि त्यातून निर्माण झालेल्या वायूने पिशवी फुगते. सामान्यतः १.२ अँपिअर विद्युतधारा दोन मिलीसेकंद वाहिली, की प्रज्वलक पेटण्यास ती पुरेशी असते. सीटबेल्टच्या ताणकातही याच तत्त्वाचा प्रज्वलक असतो. म्हणून ताणकातील दोषामुळेही एअरबॅगचाच दिवा पेटतो.

धडकेत बॅटरी चिरडली किंवा तिची तार तुटली तरी एअरबॅग उघडावी, यासाठी नियंत्रकात ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात. दुरुस्तीच्या दृष्टीने ही सोय धोक्याची ठरते, कारण बॅटरी काढल्यानंतरही काही काळ एअरबॅग उघडण्याइतकी ऊर्जा प्रणालीत शिल्लक राहते.

एअरबॅगच्या तारा व कनेक्टर बहुतेक मोटारींत पिवळ्या रंगाचे असतात. त्यांच्या टोकांना पुष्कळदा सोन्याचा मुलामा असतो. बहुतेक कनेक्टरांत लघुपथन पट्टी असते; कनेक्टर सुटा केला की ही पट्टी प्रज्वलकाकडील दोन्ही टोके परस्परांना जोडते. त्यामुळे स्थिर विद्युत किंवा चुकून लागलेला प्रवाह प्रज्वलकातून न जाता पट्टीतून जातो.

नियंत्रकाची स्वयंतपासणी

इग्निशन चालू केल्यावर नियंत्रक प्रत्येक प्रज्वलकातून अत्यल्प, काही मिलीअँपिअर इतकी विद्युतधारा सोडून परिपथाचा रोध मोजतो आणि मोटार चालू असेपर्यंत ही तपासणी करत राहतो. प्रज्वलकाचा रोध साधारण दोन ओहम असतो. मोजलेला रोध ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळला तर परिपथ तुटलेला किंवा सैल आहे, आणि फार कमी आढळला तर दोन तारा परस्परांना टेकल्या आहेत, असा अर्थ नियंत्रक लावतो. तारेतून मोटारीच्या पत्र्याकडे किंवा बॅटरीच्या धन बाजूकडे गळती होत आहे काय, हेही तो स्वतंत्रपणे पाहतो. मर्यादेचे नेमके आकडे उत्पादकानुसार बदलतात.

दोन ओहम हा आकडा दोषनिदानात सर्वांत महत्त्वाचा आहे. छतावरील पाच वॅटच्या दिव्याच्या परिपथात गंजामुळे दोन ओहमची भर पडली, तर प्रकाशातील फरक डोळ्यांना सहसा कळत नाही. एअरबॅगच्या परिपथात मात्र तेवढ्या भरीने एकूण रोध दुप्पट होतो आणि दिवा पेटतो. कनेक्टरच्या टोकावरील नजरेस न येणारा थरही त्यासाठी पुरतो. याच कारणाने तुटलेली तार पीळ देऊन व चिकटपट्टी गुंडाळून जोडणे, ही मोटारीच्या इतर वायरिंगमध्ये खपून जाणारी दुरुस्ती येथे टिकत नाही.

इशारा दिवा व दोषसंकेत

निर्दोष प्रणालीत इग्निशन चालू करताच दिवा काही सेकंद पेटतो व विझतो. तो पेटून राहणे किंवा लुकलुकणे हे दोषाचे चिन्ह आहे. तो मुळीच न पेटणे हे त्याहून गंभीर समजावे, कारण अशा वेळी दिवा खराब झालेला असतो, नियंत्रकाला वीज मिळत नसते, किंवा कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असतो.

नियंत्रकाच्या स्मृतीत दोषसंकेत नोंदवले जातात. एअरबॅगचे संकेत ‘बी’ या अक्षराने, तर नियंत्रकांमधील संपर्क तुटल्याचे संकेत ‘यू’ अक्षराने सुरू होतात. प्रमाणित यादीनुसार बी०००१ हा चालकाच्या पुढील एअरबॅगच्या पहिल्या टप्प्याच्या परिपथाचा आणि बी००१० हा शेजारील प्रवाशाच्या एअरबॅगच्या पहिल्या टप्प्याच्या परिपथाचा संकेत आहे. अनेक उत्पादक याखेरीज स्वतःचे संकेतही वापरतात. बाजारात मिळणारी मोबाइलला जोडायची स्वस्त संकेतवाचक उपकरणे मुख्यतः इंजिनाचे संकेत वाचतात. त्यांनी ‘दोष नाही’ असे दाखवले, तर त्यावरून एअरबॅगबाबत कोणताही निष्कर्ष निघत नाही. त्यासाठी एअरबॅग नियंत्रकाशी संपर्क साधू शकणारा स्कॅनर आवश्यक असतो.

संकेत परिपथाचे नाव सांगतो, खराब भागाचे नाही. बी०००१ या संकेतामागे एअरबॅग, स्टिअरिंगमधील गुंडाळी, तिच्या दोन्ही बाजूंचे कनेक्टर, डॅशबोर्डखालची तार किंवा नियंत्रक यांपैकी काहीही असू शकते. संकेत वाचून थेट एअरबॅग बदलणे ही या कामातील सर्वांत खर्चिक चूक आहे.

तपासणीचा क्रम

कामाची सुरुवात बॅटरीपासून करतात. क्षीण बॅटरीमुळे नियंत्रकाला पुरेसे व्होल्टेज न मिळाल्यानेही संकेत नोंदवला जातो आणि अशा वेळी एअरबॅगला हात लावण्याची गरजच उरत नाही. त्यानंतर सर्व संकेत, ते सध्याचे आहेत की जुने, आणि स्कॅनर दाखवत असल्यास प्रत्येक परिपथाचा मोजलेला रोध लिहून घेतात. संकेत आधीच पुसून टाकल्यास, अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाचा एकमेव पुरावा नाहीसा होतो.

कोणताही पिवळा कनेक्टर सोडवण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढतात आणि कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबतात. हा कालावधी मोटारीनुसार एक मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत सांगितलेला आढळतो. त्या मोटारीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. काढलेली एअरबॅग आवरणाची बाजू शरीरापासून दूर ठेवून उचलतात आणि टेबलावर आवरण वर येईल अशी ठेवतात. ती उलटी ठेवली असता पेटल्यास संपूर्ण भाग हवेत उडतो.

प्रज्वलकाला मल्टिमीटर लावून रोध मोजणे निषिद्ध आहे. मीटर स्वतःच्या बॅटरीतून विद्युतधारा सोडतो आणि ती प्रज्वलक पेटवणार नाही याची हमी देता येत नाही. चाचणी दिवा वापरणे तर थेट अपघाताला निमंत्रण आहे. म्हणून प्रतिस्थापनाची पद्धत वापरतात. तिच्यात एअरबॅग काढून तिच्या जागी दोन ओहमच्या आसपासचा, त्या मोटारीसाठी ठरवून दिलेला रोधक जोडतात, बॅटरी लावतात आणि पुन्हा संकेत वाचतात.

उदाहरणार्थ, चालकाच्या परिपथाचा रोध अधिक असल्याचा संकेत आला आहे असे समजू. स्टिअरिंगमधील एअरबॅगच्या जागी रोधक जोडल्यावर दोष नाहीसा झाला, तर तो एअरबॅगमध्ये किंवा तिच्या स्वतःच्या टोकांत आहे. दोष कायम राहिला तर पुन्हा बॅटरी काढून व थांबून, रोधक स्टिअरिंगच्या खांबाखाली, गुंडाळीच्या खालच्या कनेक्टरवर जोडतात. आता दोष गेला तर गुंडाळी सदोष ठरते. तरीही राहिला तर तो तेथून नियंत्रकापर्यंतच्या तारेत आहे. प्रत्येक पायरीत संशयित परिपथ असा लहान होत जातो. नियंत्रकाचा विचार सर्वांत शेवटी, बाकी सर्व भाग निर्दोष ठरल्यावर करतात.

सुट्या तारेचा रोध मीटरने मोजता येतो, मात्र तिची दोन्ही टोके सुटी केल्यावरच. येथे नवशिके हमखास फसतात. कनेक्टर सुटा करताच लघुपथन पट्टीने दोन्ही तारा जोडल्या जातात आणि मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो; त्यावरून तारा परस्परांना टेकल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. पट्टी दूर ठेवणारी प्लास्टिकची पाचर बसवल्यानंतरच मिळणारे मोजमाप खरे असते. धडकेचे संवेदकही रोध मोजून तपासता येत नाहीत, कारण त्यांत इलेक्ट्रॉनिक परिपथ असतो. त्यांच्या बाबतीत तारा, कनेक्टर, बसवण्याची दिशा आणि बोल्टची घट्टता पाहतात. पुढचा बंपर दुरुस्त केल्यानंतर दिवा पेटला असेल, तर प्रथम याच संवेदकांकडे लक्ष द्यावे.

दुरुस्तीनंतर प्रथम इग्निशन चालू करताना कोणीही एअरबॅगसमोर बसत नाही. दारातून हात आत घालून किल्ली फिरवली जाते.

क्लॉक स्प्रिंग

चालकाची एअरबॅग स्टिअरिंगबरोबर फिरते, नियंत्रक मात्र स्थिर असतो. या दोहोंना जोडण्यासाठी स्टिअरिंगखाली घड्याळातील कमानीसारखी गुंडाळलेली चपटी तारपट्टी असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंग एका बाजूला वळले की ती आवळते आणि दुसऱ्या बाजूला वळले की सैल होते. हजारो वळणांनंतर तिच्यात बारीक भेग पडते. आरंभी दिवा केवळ वळणावर पेटतो, पुढे तो कायमचा पेटून राहतो.

ही पट्टी सदोष असल्याची एक सोपी खूण आहे. बहुतेक मोटारींत हॉर्न आणि स्टिअरिंगवरील बटणांच्या तारा याच पट्टीतून जातात. त्यामुळे एअरबॅगच्या दिव्याबरोबर हॉर्न किंवा आवाजाची बटणेही बंद पडली असतील, तर संशय प्रथम तिच्यावर घ्यावा. हॉर्न चालू असल्याने मात्र ती निर्दोष ठरत नाही, कारण एअरबॅगच्या तारा वेगळ्या असतात.

स्टिअरिंगच्या दुरुस्तीत ही पट्टी मध्यस्थितीत न ठेवता बसवली, तर एका बाजूचे पूर्ण वळण घेताना ती ताणून तुटते. स्टिअरिंगचा खांब किंवा रॅक काढल्यानंतर काही दिवसांतच दिवा पेटल्यास त्यामागे हे कारण असण्याची शक्यता अधिक असते.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी या मार्गाने तेलंगणात प्रवेश करतो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नांदेडच्या दिशेने जातो. रुंदीकरणानंतर या मार्गांवरील वाहनांचा वेग वाढला असून एअरबॅगचे महत्त्वही त्याच प्रमाणात वाढले आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील उमरखेडहून यवतमाळ शहर सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. योग्य स्कॅनर असलेल्या कार्यशाळेपर्यंत जाण्यासाठी एक संपूर्ण दिवस खर्ची पडत असेल, तर मोटार व्यवस्थित चालत असताना केवळ एका दिव्यासाठी तेवढा प्रवास करण्यास मालक राजी होत नाही, यात नवल नाही.

स्थानिक हवामान व शेतीचाही या दोषांशी संबंध येतो. उन्हाळ्यात तापमान अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि अशा उष्णतेत बॅटरीचे आयुष्य घटते; कमी व्होल्टेजचे संकेत त्यातून उद्भवतात. कापूस, सोयाबीन किंवा कडबा साठवलेल्या गोठ्यालगत मोटार उभी राहिली, की उंदीर व घुशी वायरिंगपर्यंत पोहोचतात. सीटखालचा आणि डॅशबोर्डमागचा भाग त्यांना आडोसा देतो. कुरतडलेली तार पूर्ण तुटली तर दोष सहज सापडतो. केवळ आवरण गेले असेल, तर ओलसर हवेत पत्र्याकडे गळती होते आणि कोरड्या दिवशी दिवा आपोआप विझतो.

सर्वांत अवघड प्रकरणे पाण्यात बुडालेल्या मोटारींची असतात. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि तेथील बचावकार्यासाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा पुरात मोटारीत केवळ घोट्याइतके पाणी शिरले, तरी एअरबॅगच्या दृष्टीने ते पुष्कळ आहे, कारण नियंत्रक तळपत्र्यावर असतो आणि सीटमधील बाजूच्या एअरबॅग व ताणकांचे कनेक्टर सीटखालीच असतात. पाणी ओसरले तरी गालिच्याखालचा जाड थर बरेच दिवस ओला राहतो. टोकांवर हिरवट गंज चढण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे पूर आणि पेटलेला दिवा यांचा संबंध मालकाच्या लक्षात येत नाही. अशा मोटारीत गालिचा उचलून तळ पाहणे स्कॅनर लावण्याइतकेच आवश्यक आहे. नियंत्रकात पाणी गेले असल्यास तो सुकवून पुन्हा वापरू नये.

सीटखालच्या कनेक्टरांत पाण्याविनाही दोष येतो. सीट मागेपुढे सरकवताना तार ताणली जाते. सीटखाली ठेवलेली पिशवी, बाटली किंवा अवजारेही तिला ओढतात. इग्निशन चालू ठेवून व स्कॅनरवर त्या परिपथाचा रोध पाहत सीट हलवली, की आकडा बदलतो काय हे दिसते. दोष सापडल्यास अनेकदा कनेक्टर सुरक्षितपणे काढून पुन्हा घट्ट बसवणे व तार नीट बांधणे एवढ्यावर काम भागते.

फसवी दुरुस्ती

प्रतिस्थापनाच्या चाचणीत वापरला जाणारा रोधकच फसवणुकीचे साधनही ठरतो. अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर नवी न बसवता तिच्या जागी काही रुपयांचा रोधक कायमचा जोडला, तर नियंत्रकाला दोन ओहम मिळतात, दिवा विझतो आणि आवरणामागे पिशवीच नसते. दिवा काढून टाकणे किंवा तो दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या तारेला जोडणे हे त्याहून ढोबळ प्रकार आहेत. जुनी मोटार विकत घेताना एअरबॅगचा दिवा पेटून स्वतंत्रपणे विझतो काय हे पाहावे; तो नेमका ऑइल किंवा चार्जिंगच्या दिव्याबरोबरच विझत असेल, तर त्याची तार तपासून घ्यावी. डॅशबोर्डवरील आवरणाचा वेगळा रंग, चिकटवलेला सांधा आणि सीटबेल्टवरील उत्पादनवर्ष मोटारीच्या वर्षाशी न जुळणे, याही खुणा उपयोगी पडतात. रोधकाची फसवणूक स्कॅनरला कळत नाही. आवरण उघडूनच ती उघडकीस येते.

धडकेची नोंद झालेला नियंत्रक बदलण्याऐवजी त्याची स्मृती पुसून देण्याची सेवाही उपलब्ध असते. उत्पादक सहसा नवा नियंत्रक बसवण्यास सांगतात. स्मृती पुसल्याने दिवा विझतो, परंतु धडकेत नियंत्रकाच्या आतील भागांना इजा झाली आहे की नाही, हे त्यातून समजत नाही.

स्वयंतपासणीच्या मर्यादा

विझलेला दिवा परिपथाचा रोध योग्य असल्याचे सांगतो. वायू निर्माण करणाऱ्या रसायनाविषयी तो काहीही सांगत नाही. जपानमधील ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. शोषक पदार्थाविना ते उष्णता व आर्द्रतेने कालांतराने बिघडे आणि पेटल्यावर धातूचे कवच फुटून तुकडे प्रवाशांवर उडत. त्यातून मोटार उद्योगाच्या इतिहासातील सर्वांत मोठी परत मागवणी झाली आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडासह काही उत्पादकांनी अशा मोटारी परत मागवल्या. या मोटारींचा इशारा दिवा पूर्णपणे निर्दोष असल्याचेच दाखवत असे.

नियंत्रकातील दोषांमुळेही मोटारी परत मागवल्या गेल्या आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये किया कंपनीने नियंत्रकाच्या आज्ञावलीच्या तपासणीसाठी ४४,१७४ कॅरेन्स मोटारी परत मागवल्या. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात तयार झालेल्या १७,३६२ मोटारी नियंत्रक तपासून विनामूल्य बदलण्यासाठी बोलावल्या. त्यांत अल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो व ग्रँड विटारा ही मॉडेले होती. क्वचित प्रसंगी एअरबॅग व ताणक कार्यान्वित होणार नाहीत, अशी शक्यता कंपनीने वर्तवली होती आणि भाग बदलेपर्यंत संशयित मोटार न चालवण्याचा सल्ला दिला होता. मोटारीचा चासिस क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून ती अशा यादीत आहे काय हे पाहता येते. ही पाहणी एकही कनेक्टर न सोडवता होत असल्याने, दिवा पेटलेला असो वा नसो, ती पहिल्या संकेतवाचनाच्याही आधी केली जाते.